हजार हॉर्सपॉवरचा हिशेब

रील्स स्क्रोल करताना असा एक व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. डायनोच्या रोलर्सवर पट्ट्यांनी बांधलेली टोयोटा सुप्रा, कानठळ्या बसवणारा आवाज, सायलेन्सरमधून निघणारी आग आणि शेवटी स्क्रीनवर झळकणारा चार आकडी नंबर. हजार हॉर्सपॉवर! त्यावर ग्रुपमधला पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'कोणता टर्बो लावलाय रे?'

प्रश्न चुकीचा नाही, पण घाईचा आहे. तगडं टर्बो इंजिन बांधताना टर्बो हा भाग सगळ्यात जास्त दिसतो आणि भाव खाऊन जातो. इंजिन टिकणार की काही सेकंदांत बसणार, हे मात्र न दिसणारे भाग ठरवतात. ते कसं, हे समजून घ्यायला सुप्राइतकं चांगलं उदाहरण नाही.

इंजिन नव्हे, लोखंडाचा गोळा

१९९३ ते २००२ या काळात बनलेल्या 'ए८०' सुप्राच्या टर्बो मॉडेलमध्ये टूजेझेड-जीटीई हे इंजिन होतं. एका रांगेत सहा सिलिंडर, २९९७ सीसी, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ८६ मिलिमीटर. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, क्रँक फोर्ज्ड, त्याला आधार द्यायला सात मुख्य बेअरिंग्ज आणि पिस्टनच्या पोटावर ऑइल मारून त्यांना थंड ठेवणारे जेट. जपानमध्ये कंपन्यांनी आपापसांत पाळलेल्या मर्यादेमुळे कागदावरचा आकडा होता २८० पीएस. अमेरिकेत हीच गाडी ३२० हॉर्सपॉवरची म्हणून विकली गेली. थोडक्यात, कंपनीने इंजिन गरजेपेक्षा बरंच दणकट बांधलं होतं. २००१ च्या 'द फास्ट अँड द फ्युरियस'ने तिला पोस्टरवर नेलं, पण ट्यूनर मंडळींचा जीव तिच्यावर आधीपासूनच जडला होता.

पहिला निर्णय : आकडा कशासाठी?

गाडी रोज चालवायची आहे, ट्रॅकवर लॅप मारायचे आहेत की सरळ रेषेत ४०० मीटर पळवायची आहे? उत्तराप्रमाणे इंजिन बदलतं. लॅप मारणाऱ्याला वळणातून बाहेर पडताना लगेच पिकअप हवा असतो. ड्रॅग रेसरला सुरुवातीची सुस्ती चालते, कारण त्याचं इंजिन शर्यतभर वरच्या आरपीएमलाच असतं. रोज चालवणाऱ्याला हजार हॉर्सपॉवरची गाडी ट्रॅफिकमध्ये शिक्षा वाटेल. म्हणून इथे आपण ६०० चं लक्ष्य धरू. मूळ ताकदीच्या जवळपास दुप्पट, तरी वापरता येईल असं.

दहा बाय दहाची खोली

इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. ६०० हॉर्सपॉवरसाठी दर मिनिटाला साधारण २७ किलो हवा लागते. म्हणजे किती? तुमची होस्टेलची खोली दहा बाय दहाची आणि आठ फूट उंच असेल, तर त्या खोलीतली सगळी हवा एका मिनिटात!

आता तीन लिटरचं हे इंजिन ७००० आरपीएमला स्वतःच्या बळावर मिनिटाला फार तर साडेदहा घनमीटर हवा ओढू शकतं. खोलीत आहे साडेबावीस घनमीटर. म्हणजे टर्बोला हवेचा दाब वातावरणाच्या दुपटीहून जास्त करावा लागणार. यालाच आपण 'बूस्ट' म्हणतो.

पण सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, तशीच ही हवाही तापते. ३० अंशांची हवा टर्बोतून बाहेर पडताना १३०-१४० अंशांपर्यंत जाऊ शकते. तापलेली हवा विरळ असते, शिवाय इंजिनासाठी धोक्याचीही. तिला थंड करतो इंटरकूलर. तो लहान राहिला, तर टर्बोवर घातलेले पैसे उष्णतेत गेले समजा.

पेट्रोलचं गणित

आता पेट्रोल. ६०० हॉर्सपॉवरला तासाला सुमारे १५० किलो, म्हणजेच मिनिटाला साधारण ३.४ लिटर. बाईकची १२ लिटरची टाकी साडेतीन मिनिटांत कोरडी!

हे सहा इंजेक्टरांत वाटा. प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटाला ५६७ सीसी येतं. इंजेक्टर पूर्ण वेळ उघडा ठेवायचा नसतो, ८० टक्क्यांवर थांबायचं असतं. म्हणजे हवा किमान ७०० सीसीचा. जपानी सुप्रातला मूळ इंजेक्टर ४४० सीसीचा, निर्यातीच्या गाडीतला ५५० चा. दोन्ही अपुरे. त्यामुळे टर्बो मोठा आणि इंजेक्टर जुनेच असं केलं, तर हवा येईल, पेट्रोल येणार नाही. मिश्रण 'लीन' होईल, ज्वलन जास्त तापेल आणि पिस्टन वितळायला सुरुवात होईल. म्हणून इंधनपंप आणि इंजेक्टर टर्बोच्या आधी. ई८५ इंधन वापरायचं असेल, तर साधारण एक तृतीयांश जास्त क्षमता धरा. ते नॉकिंगला चांगलं तोंड देतं, पण लागतंही जास्त.

खरा खलनायक : नॉकिंग

स्पार्क पडल्यावर ज्योत सिलिंडरभर पसरत जायला हवी. पण दाब आणि उष्णता हद्दीबाहेर गेली, की कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेट घेतं. पिस्टनवर हातोडी मारल्यासारखा घाव बसतो. हे नॉकिंग. थोडं असेल तर ईसीयू स्पार्क मागे घेऊन सांभाळून घेतो. फुल थ्रॉटलवर जोरात झालं, तर पिस्टनची कड तुटायला काही सेकंद पुरतात.

त्यामुळे इंजिनाला नवा मेंदू द्यावा लागतो. मूळ ईसीयूला या नव्या आकड्यांची कल्पनाच नसते. प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू, हवा-पेट्रोलचं प्रमाण अचूक दाखवणारा वाइडबँड सेन्सर आणि डायनोवर तासन्‌तास बसून एकेका आरपीएमचं ट्यूनिंग करणारा माणूस, या तिन्हींचा खर्च बजेटमध्ये आधी धरा. बऱ्याच प्रोजेक्टचे पैसे पार्ट्समध्ये संपतात आणि ट्यूनिंग 'नंतर बघू'वर राहतं. तिथेच इंजिनं जातात.

आता बोला, कोणता टर्बो?

मूळ गाडीत दोन टर्बो होते. खालच्या आरपीएमला एकच काम करायचा, ४००० च्या आसपास दुसरा सामील व्हायचा. निर्यातीच्या गाडीत मोकळा एक्झॉस्ट आणि थोडा बूस्ट वाढवून चाकांवर ४०० च्या आसपास हॉर्सपॉवर काढता येते. पण हीच युक्ती जपानी गाडीवर केली, तर फसाल. तिच्या टर्बाइनची चक्रं सिरॅमिकची आहेत, जास्त बूस्टवर ती फुटतात. निर्यातीच्या गाडीतली स्टीलची. गाडी तीच दिसते, आतली कथा वेगळी.

६०० साठी दोन्ही काढून एकच मोठा टर्बो लावतात. इथे मोह होतो, 'जरा मोठाच घेऊ, पुढे उपयोगी पडेल.' मोठं चक्र फिरवायला जास्त एक्झॉस्ट लागतो, म्हणून ते उशिरा जागं होतं. हजारच्या तयारीचा टर्बो ६०० च्या गाडीत लावला, तर रोजच्या आरपीएमला गाडी मूळ सुप्रापेक्षाही मंद वाटू शकते. उत्पादक प्रत्येक टर्बोचा 'कॉम्प्रेसर मॅप' देतात. वर काढलेली हवा आणि दाब त्यावर मांडा. बिंदू मधोमध पडला तर टर्बो तुमचा. कडेला गेला तर दुसरा बघा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसं.

इंजिन कधी उघडायचं?

टूजेझेडची मजा इथेच आहे. चांगलं ट्यूनिंग असेल तर मूळ पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड ६०० सहज पेलतात, हा जगभरच्या ट्यूनर्सचा अनुभव आहे. हजारच्या गप्पा सुरू झाल्या, की फोर्ज्ड पिस्टन, फोर्ज्ड रॉड, मजबूत हेड स्टड, कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग, मोठे कॅमशाफ्ट, सगळंच आलं. लक्षात ठेवा, रॉड वाकवतो तो मुख्यतः टॉर्क. कमी आरपीएमला एकदम बूस्ट चढवणं वरच्या आरपीएमच्या मोठ्या आकड्यापेक्षा घातक ठरू शकतं.

आणि हो, ताकद दुप्पट झाली की उष्णताही जवळपास दुप्पट. रेडिएटर, ऑइल कूलर, क्लच, टायर, ब्रेक यांची बिलं मागोमाग येतातच. वेग दुप्पट झाला तर ब्रेकना चौपट ऊर्जा जिरवावी लागते, हे अकरावीचं फिजिक्स इथे अक्षरशः जिवाशी येतं.

खर्चाचा क्रम

१. जुन्या इंजिनाची तपासणी : सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, गळती, ऑइलचा दाब
२. इंधनपंप आणि इंजेक्टर
३. ईसीयू, वाइडबँड आणि ट्यूनिंगचे पैसे
४. इंटरकूलर आणि इंजिन थंड ठेवण्याची व्यवस्था
५. ब्रेक, टायर, क्लच
६. आणि मग टर्बो

आपल्याकडे काय?

ए८० सुप्रा आपल्या शोरूममध्ये कधी आलीच नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं. त्यामुळे मित्राची हॅचबॅक घेऊन असले प्रयोग रस्त्यावर करू नका. दंड भरून सुटाल, पण समोरून येणाऱ्याने तुमचं काय बिघडवलंय?

खाज असेलच तर एक चांगली जागा आहे. फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांत इंजिनिअरिंगच्या मुलामुलींचे संघ स्वतः रेसिंग कार बांधतात. तिथे नियम असा, की पेट्रोल इंजिनाला लागणारी सगळी हवा फक्त २० मिलिमीटरच्या छिद्रातून यायला हवी. टर्बो लावा किंवा लावू नका, हवा तेवढीच. मग तिथे जिंकतो कोण? ज्याचं हवा, पेट्रोल आणि उष्णतेचं गणित पक्कं आहे तो.

कॉलेजचा संघ असेल तर आधी त्यांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन हात काळे करा. नसेल तर वही घ्या, आवडत्या गाडीचं इंजिन निवडा आणि वरचं गणित तिच्यासाठी मांडून बघा. किती हवा, किती पेट्रोल, किती सीसीचा इंजेक्टर? पुढच्या वेळी रील पाहताना कुणी 'कोणता टर्बो?' असं विचारलं, तर तुम्ही उलट विचाराल, 'इंजेक्टर कितीचे आहेत?'