हंगाम, शटडाऊन आणि उधारीची वही

2018 च्या डिसेंबरात आम्ही उभयता मुलीकडे मेरीलँडमध्ये, वॉशिंग्टनच्या उपनगरात, मुक्कामाला होतो. घराघरांवर दिव्यांच्या माळा आणि दुकानांत नाताळची गर्दी पाहून आपल्या दिवाळीच्या बाजारपेठेची आठवण होई. थँक्सगिव्हिंगपासून नववर्षापर्यंतच्या या हंगामावर तेथील अनेक छोट्या दुकानदारांचा वर्षाचा हिशेब अवलंबून असतो. थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार 2010 पासून ‘स्मॉल बिझनेस सॅटरडे’ म्हणून पाळला जातो आणि शेजारच्या दुकानातून खरेदी करा, असे आवाहन त्या दिवशी केले जाते.

ऐन हंगामात, 22 डिसेंबरला, केंद्र सरकारचे कामकाज अंशतः थांबले. मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीच्या निधीवरून अध्यक्ष ट्रम्प आणि काँग्रेस यांच्यात तोडगा निघेना. सुमारे 8 लाख कर्मचाऱ्यांचे वेतन अडकले. हा शटडाऊन 35 दिवस चालला.

मुलीच्या घराजवळ एका भारतीय गृहस्थांचे लहानसे उपाहारगृह होते. बहुतेक गिऱ्हाइके सरकारी कचेऱ्यांतली. जानेवारीत एका सकाळी मी चहाला गेलो, तेव्हा निम्मी टेबले रिकामी होती. गल्ल्याशेजारी एक साधी वही आणि तीत नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या नावापुढे रकमा. मी विचारले, “अमेरिकेतही उधारी?” ते म्हणाले, “काका, यांचे पगार आज ना उद्या होतील, पैसेही येतील. पण जे आलेच नाहीत, त्यांचा चहा आता कोण पिणार?”

त्यांचे म्हणणे खरे ठरले. सरकारी कर्मचाऱ्यांना थकीत वेतन देण्याचा कायदा झाला. बुडालेल्या विक्रीची भरपाई मात्र दुकानदाराला कोणी दिली नाही. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजानुसार या काळात राष्ट्रीय उत्पन्न 11 अब्ज डॉलरने घटले आणि त्यांपैकी 3 अब्ज डॉलर कायमचे गेले.

बँकेत आयुष्य घालवलेल्या मला आणखी एक बाब अस्वस्थ करून गेली. 1953 मध्ये स्थापन झालेले ‘स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन’ मुख्यतः बँकांच्या कर्जाला हमी देते. त्याच्या प्रमुख योजनेत दीड लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाला 85 टक्के, त्यावरील कर्जाला 75 टक्के हमी मिळते. शटडाऊनच्या काळात नव्या हमींची मंजुरी थांबली. कर्ज विभागात काम करताना मी पाहिले आहे, की नकार मिळाला तर उद्योजक दुसरे दार ठोठावतो. उत्तरच न मिळाल्यास तो जागचा हलू शकत नाही. भाडे, व्याज आणि नोकरांचे पगार मात्र थांबत नाहीत.

1 ऑक्टोबर 2025 रोजी पुन्हा तेच घडले. या वेळी वाद आरोग्य विम्यावरील वाढीव अनुदानाचा होता. स्वतःचा विमा स्वतः घेणाऱ्या अनेक छोट्या व्यावसायिकांचा तो जिव्हाळ्याचा प्रश्न. म्हणजे ज्यांच्यासाठी भांडण, त्यांच्याच व्यवसायाला त्याची झळ! 43 दिवसांनी, थँक्सगिव्हिंग दोन आठवड्यांवर आले असताना, कामकाज सुरू झाले.

लोकशाहीत मतभेद असणारच. किंबहुना ते असावेत. परंतु निर्णय लांबवण्याची किंमत निर्णय घेणाऱ्यांनी नव्हे, तर गल्ल्यावर बसलेल्या माणसाने मोजावी, हे कोणत्याही देशाच्या हिशेबात बसणारे नाही.

थँक्सगिव्हिंगला मुलीचा फोन आला, तेव्हा मी त्या उपाहारगृहाची चौकशी केली. ती म्हणाली, “चालू आहे, बाबा. ती वहीसुद्धा पुन्हा बाहेर निघाली होती.”