सिस्टर नोकरीत का टिकतात?

हाटकेशहून मुंबईतल्या रुग्णालयात सकाळच्या पाळीला पोहोचायचे तर परिचारिकेला पहाटेच घर सोडावे लागते. आधी रिक्षा, मग मीरा रोडहून लोकल, त्यानंतर वॉर्डात सात-आठ तासांची धावपळ. तरीही अनेक जणी हे काम वर्षानुवर्षे करतात. मग त्या कामावर समाधानी आहेत, असे समजायचे का?

टिकणे आणि समाधानी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसे नोकरीत का टिकतात, याची तीन कारणे मेयर आणि ॲलन या अभ्यासकांनी १९९१ मध्ये मांडली. एक, कामाबद्दलची आपुलकी. दुसरे, सोडणे परवडत नाही ही अडचण. तिसरे, सोडणे बरे नव्हे ही कर्तव्यभावना. हजेरीपटावर तिघी सारख्याच दिसतात.

आपुलकी आणि कर्तव्यभावना काय करू शकतात, हे केईएम रुग्णालयात दिसले. १९७३ मध्ये तिथेच झालेल्या अत्याचारानंतर अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग या सहकारी परिचारिकेची तेथील परिचारिकांनी २०१५ पर्यंत शुश्रूषा केली. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. सेवेत खंड पडला नाही.

मात्र अशा निष्ठेवर विसंबून रुग्णालय चालवता येत नाही. लिंडा एकेन यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या ३० दिवसांतील मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. तिच्या मानसिक थकव्याची शक्यता २३ टक्क्यांनी, तर नोकरीबद्दलच्या असमाधानाची १५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणजे सिस्टरचे असमाधान हा केवळ तिचा घरगुती प्रश्न नाही. तिला थकवणारा कामाचा बोजा रुग्णाच्याही जिवावर बेततो.

पगाराचा प्रश्नही खराच. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारशी केल्या. ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत, असे तीत म्हटले आहे. मे २०२२ मध्ये राज्यातील सरकारी परिचारिकांनी संप केला, तो खासगी एजन्सीमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध. उद्या नोकरी राहील की नाही, याची खात्री नसलेल्या माणसाकडून निष्ठेची अपेक्षा कशी करणार?

काही उपाय मात्र फारसे खर्चिक नाहीत. ड्युटीचे वेळापत्रक पुरेसे आधी लावावे. रात्रपाळीनंतर लगेच दुसरी पाळी देऊ नये. औषधे आणणे, ट्रॉली ढकलणे, बिलांचे कागद फिरवणे ही कामे तिच्याकडून काढून घ्यावीत. राउंडच्या वेळी डॉक्टरांनी तिचे निरीक्षण विचारावे. रुग्णाची तब्येत बिघडत असल्याचे बहुधा तिलाच आधी कळते.

नातेवाइकांनीही थोडे भान ठेवावे. सलाइन संपल्यावर सिस्टर दोन मिनिटे उशिरा आल्या, तर आवाज चढवण्याआधी त्यांच्याकडे आज किती रुग्ण आहेत, ते विचारावे. उत्तर ऐकून राग आला, तर तो व्यवस्थापनाला लेखी कळवावा. परिचारिका वाढल्या, तर त्याचा फायदा आपल्याच रुग्णाला आहे.