ई-मेल खात्याची सुरक्षित जोडणी
संगणकावरील ई-मेल आज्ञावलीला (उदा., थंडरबर्ड, आउटलुक) खातेदाराच्या वतीने टपाल आणण्याचा व पाठविण्याचा अधिकार देण्याची क्रिया. करमाळ्याच्या (जि. सोलापूर) एका टोकाहून दुसऱ्या टोकाला धाडलेला संदेशही सहसा दूरच्या सर्व्हरमार्गे जातो आणि सर्व्हर उघडण्यासाठी पासवर्डही त्याच वाटेने जावा लागतो. तो संदेशाहून मोलाचा. कारण इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे बहुधा याच पत्त्यावर येतात.

एसएमटीपी (१९८२) व पॉप हे संकेत परस्परविश्वासाच्या काळात घडले. मजकूर गुप्त करणाऱ्या टीएलएसची जोड त्यांना पुढे मिळाली. आवक टपालासाठी आयमॅपचे ९९३ वा पॉपचे ९९५ आणि जावक टपालासाठी ४६५ क्रमांकाचे पोर्ट निवडल्यास संभाषण आरंभापासूनच टीएलएसच्या आवरणाखाली चालते. आरएफसी ८३१४ या मानकाने २०१८ मध्ये हीच शिफारस केली. ५८७ पोर्टवर ते उघड सुरू होऊन ‘स्टार्टटीएलएस’ आज्ञेनंतर गुप्त होते. काही जुन्या आज्ञावलींतील ‘उपलब्ध असल्यास’ हा पर्याय येथे घातक ठरतो : वाटेत कोणी ती सूचना गाळल्यास आज्ञावली मुकाट्याने उघड बोलत राहते.

सर्व्हरचे प्रमाणपत्र जुळत नसल्याचा इशारा डावलून पासवर्ड देणे म्हणजे तोतयाला किल्ली देणे होय. गूगलने २०२२ मध्ये वैयक्तिक खात्यांबाबत नेहमीच्या पासवर्डावरील अशी जोडणी बंद केली. द्विस्तरीय पडताळणी असल्यास मिळणारा १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड, संगणक चोरीस गेल्यास, स्वतंत्रपणे रद्द करता येतो. टीएलएसचे आवरण वाटेपुरतेच असते. सर्व्हरवर साठलेला साधा संदेश सेवाचालकाला वाचता येतो.