भोर-वेल्हे परिसरातील दैनंदिन प्रवास आणि इलेक्ट्रिक दुचाकी : टायर व देखभालीचा विचार

प्रस्तावना :
पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे हे तालुके सह्याद्रीच्या रांगांनी व्यापलेले आहेत. (वेल्ह्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, बोलण्यात जुने नाव अद्याप रूढ आहे.) नसरापूर, कापूरहोळ वा थेट पुण्यापर्यंत ये-जा करणारे विद्यार्थी, शिक्षक व कामगार यांच्यासाठी दुचाकी ही गरज आहे. कायनेटिकने १९७२ मध्ये आणलेल्या लूनाने अशा प्रवाशांची एक पिढी वाहून नेली. त्याच नावाची विजेवर चालणारी ई-लूना फेब्रुवारी २०२४ मध्ये बाजारात आली. पेट्रोलच्या गाडीस ऑइल बदलण्यासाठी ठरावीक काळाने गॅरेजमध्ये न्यावेच लागते आणि त्या निमित्ताने टायर व ब्रेक मिस्त्रीच्या नजरेखालून जातात. इलेक्ट्रिक दुचाकीस हे निमित्तच उरत नाही. म्हणून देखभालीचा भार चालकावर येतो आणि त्यात टायरचे स्थान पहिले आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

हवा, झीज व चढ :
चालकाची तक्रार बहुधा बॅटरीविषयी असते. दोष मात्र अनेकदा टायरमधील हवेचा असतो. उदाहरणादाखल गाडी व चालक मिळून २०० किलो वजन धरू. ३०० मीटर उंचीचा घाट चढण्यास सैद्धान्तिकदृष्ट्या सुमारे ०.१६ युनिट वीज लागते. आता हवा कमी असल्यामुळे टायरचा लोटण-विरोध वजनाच्या दीड टक्क्यावरून दोन टक्क्यांवर गेला असे मानल्यास ४० कि.मी. प्रवासात सुमारे ०.११ युनिट वीज अधिक खर्च होते. म्हणजे कमी हवेने रोज दोन-तृतीयांश घाट विनाकारण चढल्यासारखे होते. २ युनिट क्षमतेच्या बॅटरीचा हा पाच टक्क्यांहून अधिक वाटा आहे. घाट उतरताना काही ऊर्जा परत मिळू शकते. टायरमध्ये उष्णतेच्या रूपाने गेलेली ऊर्जा परत येत नाही. हवा टायर थंड असताना, आठवड्यातून एकदा, उत्पादकाने सांगितलेल्या दाबाइतकी भरावी.

मोटरचा जोर शून्य वेगापासूनच मिळत असल्याने मागील टायर लवकर झिजतो. नक्षीच्या खोबणीतील झीजदर्शक उंचवटे पृष्ठभागाशी समपातळीत आले की टायर बदलणे अनिवार्य समजावे. पावसाळ्यात डोंगरातील वळणांवर माती व खडी वाहून येते, त्यामुळे या भागात जूनपूर्वीच तपासणी केलेली बरी. नवा टायर घेताना बाजूवरील चार आकडे वाचावेत : २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. मापाबरोबरच भारक्षमतेचा अंकही जुन्या टायरइतका वा त्याहून अधिक असावा, कारण बॅटरीचे वजन गाडीवर कायमचे असते.

मागील चाक उतरविणे :
खरी अडचण येथे आहे. अनेक इलेक्ट्रिक दुचाकींची मोटर मागील चाकाच्या तुंब्यातच असते. तेथे आस स्थिर राहतो व तुंबा फिरतो. साहजिकच मोटरच्या जोराची प्रतिक्रिया आसावर येते. आसाच्या चपट्या बाजू व विशिष्ट वायसर तो जोर चौकटीकडे पोहोचवितात. नट सैल राहिल्यास वा वायसर उलटा बसल्यास आस स्वतःच फिरतो आणि त्यातून आलेल्या तारा पिळवटून तुटतात. पंक्चर काढण्याच्या खर्चात मोटरदुरुस्ती पदरात पडते ती अशी.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी चावी व मुख्य स्विच दोन्ही बंद करावेत आणि जोडण्यांचे मोबाईलवर छायाचित्र घ्यावे. तीन जाड तारा मोटरला वीज पुरवितात, तर बारीक तारांचा जुडगा चाकाची स्थिती कंट्रोलरला कळवितो. त्यांचा क्रम चुकल्यास चाक झटके देते किंवा उलटे फिरते. तारांचे बंध सोडून, ब्रेकची जोडणी मोकळी करून मगच नट सोडावेत. वायसर निघालेल्या क्रमाने मांडून ठेवावेत. चाक जड असते व ते तारांवर लोंबकळू देऊ नये, यासाठी दुसरा माणूस हाताशी हवा. परत बसविताना नट अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने ठरलेल्या मापाइतके आवळावेत.

साध्या पंक्चरसाठी मात्र चाक उतरविण्याची गरज नसते. ट्यूबलेस टायरमध्ये पट्टी जागेवरच भरता येते. ट्यूबच्या टायरची एक कड रिमबाहेर काढून ट्यूब ओढून घेता येते आणि ठिगळ लावता येते. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्यास हे कौशल्य परके नाही. त्याला परकी आहे ती तारांची जोडणी. ग्रामीण महाविद्यालयांतील कौशल्य-अभ्यासक्रमांत कंट्रोलरच्या सिद्धान्ताआधी मागील चाक उतरविण्याचे प्रात्यक्षिक ठेवावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पाबे घाटात अडकलेल्या प्रवाशास पहिली गरज त्याचीच असते.

ब्रेक व बॅटरी :
काही गाड्यांत उतारावर मोटर जनित्रासारखी काम करून बॅटरी भरते व वेगही रोखते. परंतु पूर्ण भरलेल्या बॅटरीत ही ऊर्जा सामावत नाही. घाटमाथ्यावरील गावातून सकाळी पूर्ण चार्ज करून थेट उतरणाऱ्या चालकाने म्हणूनच नेहमीच्या ब्रेकवर विसंबावे व ब्रेक-पट्ट्या वेळेत बदलाव्यात. गाडी धुताना पाण्याचा जोरदार फवारा तुंबा व जोडण्यांवर मारू नये. घाट चढून आल्यावर तापलेली बॅटरी निवल्यानंतरच चार्जिंगला लावावी. दिवाळी वा उन्हाळी सुट्टीत गाडी उभी ठेवावयाची असल्यास बॅटरी साधारण निम्मी भरलेली ठेवावी आणि अधूनमधून टायरमधील हवा पाहावी.