जुन्या सॅक्सोफोनसाठी पेटी घेताना

महाराष्ट्रातल्या अनेक गावांतल्या बँड पथकांत मुस्लिम वादक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. लग्नसराईत वरातीत वाजवायचे, बाकीच्या महिन्यांत रंगकाम, शिलाई, रिक्षा असे जे मिळेल ते करायचे, अशी या घरांची रोजी. अशा एखाद्या घरात कपाटावर किंवा पलंगाखाली जुना सॅक्सोफोन असतो. दादांनी किंवा नानांनी कधीतरी मुंबईला जाऊन आणलेला. आज तो मुलगा किंवा नातू वाजवतो. संगीताविषयी आपल्या घराघरांत मते वेगवेगळी आहेत. त्या चर्चेत आम्ही इथे शिरत नाही. पण ज्या घराची चूल या बाजावर पेटते, त्या घराने त्याची हिफाजत कशी करावी, हा साधा व्यवहाराचा प्रश्न आहे. त्यात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते पेटीकडे.

लोक हजारो रुपये देऊन दुरुस्ती करून घेतात आणि वाद्य पुन्हा त्याच खिळखिळ्या पेटीत ठेवतात. सहा महिन्यांनी परत दुरुस्ती. म्हणून पेटी कशी निवडावी, हे आज जरा सविस्तर पाहू.

वाद्य नाजूक का?

अ‍ॅडॉल्फ सॅक्स या बेल्जियमच्या कारागिराने पॅरिसमध्ये १८४६ साली या वाद्याचे पेटंट घेतले. ते पितळेचे असले तरी त्याचा आवाज वेताच्या रीडमुळे निघतो, त्यामुळे त्याची गणना बासरी आणि क्लॅरिनेटच्या घराण्यात होते. वरून अरुंद, खाली रुंद होत जाणारी नळी, तिच्यावर वीसहून जास्त भोके, प्रत्येक भोकावर चामड्याचे पॅड लावलेले झाकण, आणि ही झाकणे हलवणाऱ्या पोलादी दांड्या व सुईएवढ्या स्प्रिंगा, अशी त्याची रचना असते.

पॅड भोकावर चारी बाजूंनी नीट बसले तरच सूर निघतो. कागदाच्या जाडीएवढी फट राहिली तरी खालचे सूर अडखळतात. म्हणजे बाहेरून एकही पोचा दिसत नसताना वाद्य बिघडलेले असू शकते.

जुन्या वाद्याची आणखी एक अडचण असते. अमेरिकेत एल्कहार्टला बनलेला कॉन, किंवा पॅरिसच्या सेल्मर कंपनीने १९५४ पासून सुमारे वीस वर्षे बनवलेला मार्क सिक्स, हे आता कारखान्यात बनत नाहीत. त्यांचा सुटा भाग हवा असेल तर दुसरे जुने वाद्य मोडावे लागते, नाहीतर कारागिराकडून हाताने घडवून घ्यावा लागतो. मेरठच्या जली कोठीत बँडची नवी वाद्ये बनतात. तिथला बाजा पडला तर त्याच्या जागी तसाच दुसरा येतो. जुन्या कॉनच्या जागी तसाच दुसरा सहज मिळत नाही.

पेटी शाबूत, बाजा वाकडा

आमच्या शाळेत नववीला असलेल्या एका मुलाचे घर बँडवाल्यांचे. त्याच्या दादांनी मुंबईत एका गोव्याच्या वादकाकडून घेतलेला कॉन आल्टो त्या घरात आहे. मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक फार मोठ्या संख्येने होते, त्यामुळे असे व्यवहार तेव्हा होत असत. ऐन लग्नसराईत जीपच्या टपावरून ही पेटी खाली पडली. जुनी लाकडी, जाड पेटी; तिला ओरखडासुद्धा आला नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. संध्याकाळी वरातीत बाजा तोंडाला लावला तर खालचा एकही सूर निघेना.

दुरुस्तीवाल्या चाचांनी वाद्य डोळ्यासमोर आडवे धरले आणि म्हणाले, “पेटी शाबूत आहे म्हणून बाजा शाबूत आहे असं समजू नका, भाई. नळी वाकली आहे.” तो हंगाम मुलाच्या अब्बांनी भाड्याच्या बाजावर काढला. कमाईतला मोठा वाटा भाड्यात आणि दुरुस्तीत गेला, आणि मुलाची शिकवणी त्या वर्षी बंद झाली.

असे का होते? एसटीने करकचून ब्रेक लावला की गाडी थांबते, पण उभे असलेले प्रवासी पुढे फेकले जातात. पेटी जमिनीवर आपटून थांबते. आत वाद्य सैल असेल तर ते पुढे जातच राहते आणि पेटीच्याच भिंतीवर आदळते. सॅक्सोफोनचे पुढचे रुंद तोंड, म्हणजे बेल, जड असते. तिच्या झोक्याने मुख्य नळी वाकते, किंवा बेल आणि नळी यांना जोडणारी पट्टी नळीत रुतते. नळी केसभर वाकली की दांड्या अडकतात आणि पॅड भोकावर नीट बसत नाहीत.

म्हणून पेटीची पहिली परीक्षा तिची जाडी किंवा कुलूप नव्हे. तिच्यात वाद्य हलता कामा नये, आणि न हलण्यासाठी ते चाव्यांवर दाबलेलेही नसावे. पुढच्या सगळ्या गोष्टी यातून निघतात.

डावीकडच्या चाव्या

आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पेट्यांचे आतले साचे आजच्या वाद्यांसाठी कापलेले असतात. आजच्या वाद्यात बेलवरच्या दोन मोठ्या चाव्या वाजवणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात. ही पद्धत सेल्मरने १९३६ च्या सुमारास बॅलन्स्ड अ‍ॅक्शन या वाद्यापासून रूढ केली. त्याआधीच्या, आणि नंतरच्याही पुष्कळ अमेरिकन वाद्यांत या चाव्या डावीकडे आहेत. १९२० च्या दशकातल्या अनेक वाद्यांत तर एक डावीकडे आणि एक उजवीकडे. अशा वाद्याला आजच्या साच्यात बसवले की चाव्यांवरची जाळी नको तिथे टेकते. झाकण जोर लावून बंद केले तर तो जोर थेट चावीवर जातो.

वर सांगितलेल्या घराने मुंबईच्या दुकानात वाद्याच्या आकाराची एक देखणी फायबरची पेटी पाहिली होती. वजनाला हलकी, पाठीला लावायला पट्टे, सगळे मनासारखे. पण त्यांच्या कॉनच्या चाव्या डावीकडच्या. झाकण लागेना, आणि दुकानदार म्हणे, दाबा, बसेल. त्यांनी दाबले नाही, हे बरे केले.

याचा अर्थ, मोबाईलवर फोटो पाहून पेटी मागवू नये. वाद्य बरोबर घेऊन दुकानात जावे. ते शक्य नसेल तर परत करण्याची सोय असेल तरच मागवावी. फ्रान्सची बाम, इंग्लंडची हिस्कॉक्स, अमेरिकेची प्रोटेक अशा नावाजलेल्या कंपन्यांची पेटी असली तरी नियम हाच.

दुकानात काय तपासावे

१. वाद्य आत ठेवा, झाकण लावा, पेटी उचलून सावकाश चारी बाजूंना कलती करा. आत ‘धप्’ असा आवाज आला तर वाद्य सैल आहे.

२. झाकण दाबत नाही ना, हे पाहायला आम्हा मास्तरांचा खडू कामाला येतो. कागदाच्या चिटोऱ्याला खडू घासा, खडूची बाजू वर करून तो चावीवर ठेवा, झाकण लावा आणि उघडा. अस्तराला खडू लागला तर झाकण तिथे टेकते आहे. चाव्यांवरच्या जाळीला हलका स्पर्श चालेल. चाव्यांवर आणि दांड्यांवर नको.

३. वाद्याचा भार कुठे येतो ते पाहा. वरचे टोक, खालचे वळण आणि मधल्या नळीचा मोकळा भाग इथे आधार हवा. बेलची कड पेटीच्या भिंतीला टेकता कामा नये.

४. वरच्या टोकाला नेक काढल्यावर एक बारीक दांडी उघडी राहते. ती वाकली की वरचे सूर बिघडतात. तिच्यासाठी टोकाला बसवायचे बूच येते. ते हरवले असेल तर नवे घ्या. त्याच्याशिवाय वाद्य पेटीत ठेवू नका.

५. नेक आणि माऊथपीस यांना वेगळे खण किंवा जाड कापडी पिशव्या हव्यात. ते सुटे बेलमध्ये टाकू नयेत. जुन्या कॉनच्या नेकवर सूर जुळवायचे फिरते चक्र असते, त्यामुळे तो जाड असतो. तो खणात मावतो का, हेही पाहा.

६. शेवटी मूठ, बिजागरी आणि कड्या. आल्टो साधारण अडीच किलोचा, टेनर त्याहून जड. पेटी पडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे उपटलेली मूठ किंवा आपोआप उघडलेली कडी. मूठ नुसत्या स्क्रूने न बसवता आरपार रिव्हेट मारून बसवलेली असावी.

जुनी पेटी, मऊ बॅग की कडक पेटी?

वाद्याबरोबर आलेली जुनी पेटी टाकवत नाही, हे आम्हाला कळते. मखमलीचे अस्तर, पितळी कड्या, दादांच्या हाताचा घट्टा पडलेली मूठ. ती जपून ठेवा, पण प्रवासाला नेऊ नका. तिच्यातला सरस सुकलेला असतो, आतले ठोकळे निसटलेले असतात आणि अस्तरात कसर असू शकते. लोकर खाणारी कसर पॅडमधला नमदाही खाते.

मऊ बॅग हलकी आणि स्वस्त. पायी शिकवणीला जाण्यापुरती ठीक. पण तिच्यावर दुसऱ्याची ट्रंक आली तर ती काही वाचवत नाही.

प्रवासाला कडक पेटीच हवी. फायबर, कडक प्लास्टिक किंवा चांगला प्लायवुड, यांतले काहीही चालेल. आतला साचा वाद्याशी जुळत नसेल तर चौकोनी पेटी घेऊन आत नवा साचा करून घेता येतो. त्या मुलाच्या घरी शेवटी हेच केले. वर्तमानपत्रावर वाद्य ठेवून पेन्सिलीने आकार काढला, त्याप्रमाणे कुशनवाल्याकडून घट्ट फोमचे थर कापून घेतले, डावीकडच्या चाव्यांसाठी खोल खाच ठेवली आणि अम्मीने शिलाई मशीनवर सुती मखमलीचे अस्तर शिवले. देखण्या पेटीपेक्षा यात खर्च कमी आला आणि वाद्य हलत नाही.

यात दोन गोष्टी सांभाळा. गादीचा हलका फोम काही वर्षांत चिकट होऊन त्याचा भुगा होतो, म्हणून दाट आणि चांगल्या प्रतीचा घ्या आणि वर कापड लावाच. वाद्य चांदीचा मुलामा दिलेले असेल तर रबर आणि लोकर टाळा. त्यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते.

प्रवासात

कितीही चांगली पेटी असली तरी टप, डिकी आणि बैलगाडीची मागची बाजू ही तिची जागा नव्हे. एसटीत मांडीवर किंवा पायांमध्ये उभी धरावी. रेल्वेत वरच्या बर्थवर, भिंतीच्या बाजूला. विमानात हातातल्या सामानाच्या मापाला आणि वजनाला मर्यादा असते. आल्टोची पेटी दोन फुटांहून लांब भरते, म्हणून तिकीट काढतानाच कंपनीला विचारून घ्यावे.

उन्हात उभ्या गाडीत पेटी ठेवू नये. पॅड लाखेने किंवा गरम करून लावायच्या सरसाने चिकटवलेले असतात. उष्णतेने ते सुटतात.

पावसाळ्यात

घट्ट बंद होणारी पेटी बाहेरचा ओलावा अडवते, तसाच आतला कोंडूनही ठेवते. वाजवून झाल्यावर नळीतून दोरी बांधलेले सुती फडके ओढा, पॅड कोरडे करा, मगच पेटी बंद करा. ओले फडके पेटीत ठेवू नका. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि आठवड्यातून एकदा पेटी उघडून हवा द्या. डांबराच्या गोळ्या आणि अत्तराचा फाया यांना पेटीत जागा नाही. जी वस्तू तोंडाला लावायची, तिला त्यांचा वास नको.

पैशांचा हिशेब

पेटीवर किती खर्च करावा? आमचे सांगणे असे: आधी दुरुस्तीवाल्याकडे जाऊन सर्व पॅड बदलण्याचा आणि वाकलेली नळी सरळ करण्याचा भाव विचारा. त्यात हंगामातल्या चार-पाच बुडालेल्या वरातींची मजुरी मिळवा. एका पडण्याची किंमत एवढी आहे. या आकड्याशेजारी पेटीची किंमत लिहून ठेवली की घरातली चर्चा लवकर मिटते.

पेटी घरी आली की एक काम त्याच दिवशी करा. वाद्याच्या मागे, उजव्या अंगठ्याच्या आधाराजवळ बहुधा एक क्रमांक कोरलेला असतो. त्याचा आणि बेलवरच्या नक्षीचा फोटो काढून ठेवा. चोरी झाली तर ओळख पटवायला हाच पुरावा. मग एका कार्डावर तो क्रमांक, घरचा फोन, वाद्य कोणी आणि कधी घेतले, दुरुस्ती केव्हा झाली, हे लिहून कार्ड झाकणाच्या आतल्या बाजूला खिशात ठेवा. त्या मुलाने हे कार्ड आपल्या अक्षरात लिहिले आहे, एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला उर्दूत. पहिल्या ओळीत दादांचे नाव आहे. खाली बरीच जागा त्याने रिकामी ठेवली आहे.