छोट्या जीपमागे फिरती खोली : ओढण्याचा हिशेब आधी, वेल्डिंग नंतर

'कॅराव्हॅन' हा शब्द इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आला असला तरी त्याचे मूळ फारसीतील 'कारवान' हे होय. माल, पाणी आणि निवारा सोबत घेऊन निघालेला व्यापाऱ्यांचा तांडा म्हणजे कारवाँ. आज हाच शब्द मोटारीमागे जोडून ओढायच्या चाकांवरच्या खोलीला लागू झाला आहे. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. त्यात इंजिन असलेल्या गाड्यांबरोबर एका किंवा दोन एक्सलच्या, मिटवता येणाऱ्या आणि तंबूच्या ट्रेलरचाही उल्लेख आहे.

हा विषय व्यापाराच्या पानावर घेण्याचे कारण केवळ पर्यटन नव्हे. पत्रा कापणे व वाकवणे, वेल्डिंग, रंगकाम, प्लायवूड, वायरिंग, गादीकाम ही सारी कामे करणारे हात अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आणि आसपासच्या गाळ्यांत आहेत. शिवाय अशीच खोली आठवडे बाजारातील कपड्याचे दुकान, चहा-नाश्त्याची गाडी किंवा मिस्त्रीचे फिरते वर्कशॉप म्हणूनही कामी येते. 2027 च्या सिंहस्थासारख्या प्रसंगी अशा फिरत्या दुकानाचा विचार अनेकांच्या मनात येणे साहजिक आहे. मात्र गाळ्यासमोर उभा असताना देखणा दिसणारा ट्रेलर कसारा घाटाच्या उतारावर जीपलाच दरीकडे ढकलू शकतो. म्हणून आधी हिशेब, मग वेल्डिंग, हा क्रम आम्ही आग्रहाने सांगतो.

कोणती गाडी ओढू शकते?

मारुती जिप्सी, तिच्या जागी 2023 साली आलेली जिमनी आणि 2020 पासून नाशिकच्याच कारखान्यात तयार होऊ लागलेली महिंद्रची नवी थार या आपल्याकडच्या आटोपशीर फोर व्हील ड्राइव्ह गाड्या. तिघींचा एक मोठा गुण म्हणजे त्यांना खाली वेगळी लोखंडी चासी आहे. ट्रेलरचा ओढा चासीवरच यायला हवा. बंपरला किंवा नुसत्या पत्र्याला हुक जोडणे म्हणजे अपघाताला आमंत्रण.

पण चासी मजबूत आहे म्हणून वाटेल तेवढे ओझे ओढता येते असे नाही. तीन दरवाजांच्या जिमनीला युरोपात ब्रेक असलेला ट्रेलर 1300 किलोपर्यंत आणि ब्रेक नसलेला केवळ 350 किलोपर्यंत ओढण्याची मुभा देण्यात आली. गाडी एकच, इंजिन एकच; तरी दोन आकड्यांत जवळजवळ चौपट अंतर. यावरून हे ध्यानात यावे की मर्यादा ओढण्याच्या ताकदीची कमी आणि थांबवण्याच्या ताकदीची जास्त असते. आपल्या देशात विकलेल्या गाडीबाबत तिच्या सोबत आलेल्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच अंतिम मानावे. पुस्तिकेत ट्रेलर ओढू नये असे म्हटले असेल तर ऑर्डर सोडावी.

मर्यादा असली तरी नवशिक्याने तिच्या टोकाला जाऊ नये. इंग्लंडमध्ये एक व्यवहारी नियम पाळतात : भरलेल्या ट्रेलरचे वजन रिकाम्या गाडीच्या वजनाच्या 85 टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. जिमनीचे वजन सुमारे 1200 किलो धरले तर हा आकडा 1020 किलो होतो. आमच्या घाटांचा विचार करता 700 किलोच्या आत राहणे शहाणपणाचे.

मापात पाप नको

ट्रेलरचे वजन अंदाजाने सांगू नये. जवळच्या वजनकाट्यावर रिकामा आणि भरलेला, असा दोनदा तोलून पावती ठेवावी. शंभर लिटरची पाण्याची टाकी भरली की शंभर किलो वाढले, हे ग्राहक विसरतो. कारागिराने विसरू नये.

एकूण वजनाइतकेच महत्त्वाचे आहे ते ओढदांड्याच्या टोकावर, म्हणजे गाडीच्या हुकावर, पडणारे वजन. ते एकूण वजनाच्या 5 ते 7 टक्के असावे. 700 किलोच्या ट्रेलरला 7 टक्क्यांनी हे 49 किलो येते. ते गाडीच्या हुकाला ठरवून दिलेल्या मर्यादेतही बसले पाहिजे. एक्सलपासून हुकापर्यंतचे अंतर 3 मीटर असेल तर ट्रेलरचा गुरुत्वमध्य एक्सलच्या पुढे फक्त 21 सेंटिमीटर हवा. वीतभर अंतराचा हा खेळ आहे. म्हणून पलंग, ओटा, कपाट आणि टाकी कुठे बसणार हे कागदावर ठरल्याशिवाय एक्सलची जागा पक्की करू नये.

आता 30 लिटर पाण्याचा एक कॅन एक्सलच्या दीड मीटर पुढून उचलून दीड मीटर मागे ठेवला असे समजा. एकूण वजन तेच राहिले, पण हुकावरचे वजन 49 वरून 19 किलोवर आले. असा मागे जड झालेला ट्रेलर वेग वाढताच शेपटी हलवू लागतो. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि शेवटी गाडीचा मागचा भागच उचकटला जातो. दोन चाकांमधील अंतर जितके कमी तितका हा धोका अधिक. जिप्सीचे हे अंतर 2375 मिलिमीटर, थारचे 2450, पाच दरवाजांच्या जिमनीचे 2590. आखूड गाडी गल्लीत वळायला सोयीची, पण झोके आवरायला अवघड.

हुकावरचे वजन मोजायला मोठे यंत्र लागत नाही. सपाट जमिनीवर ट्रेलर आडवा समपातळीत ठेवून, चाकांना अडण लावून, दांड्याच्या टोकाखाली धान्याचा साधा वजनकाटा ठेवला की आकडा समोर येतो. जड माल खाली व एक्सलवर, हलका माल वर, आणि शेवटच्या टोकाला जवळजवळ काही नाही, हा भरण्याचा नियम.

फोर व्हील ड्राइव्ह म्हणजे ब्रेक नव्हे

फोर व्हील ड्राइव्हमुळे चिखलातून, ओल्या गवतातून किंवा वाळूतून ट्रेलर बाहेर काढणे सोपे होते. लो गिअरमध्ये क्लच न जाळता इंचाइंचाने मागे घेता येते. पण थांबवताना तिचा विशेष उपयोग नाही. ब्रेक चारही चाकांना एरवीही असतातच. या तिन्ही गाड्यांत सुक्या डांबरी रस्त्यावर टू व्हील ड्राइव्हच वापरावी. तिथे फोर व्हील लावून वळणे घेतल्यास पुढच्या व मागच्या शाफ्टांत पीळ भरतो आणि गिअरचे नुकसान होते.

वेग 40 वरून 60 झाला की थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते. युरोपात 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आमच्या मते घाटात जाणाऱ्या त्याहून हलक्या ट्रेलरलाही ते असावेत. गाडी मंदावताच ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात, अशी साधी रचना यासाठी मिळते. उतरताना घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. ट्रेलर झुलू लागला तर स्टिअरिंगशी झटापट करू नये व वेग वाढवू नये. पाय अॅक्सिलरेटरवरून काढून स्टिअरिंग सरळ धरावे.

कारागिरांसाठी आणखी तीन गोष्टी. ओढदांड्याच्या चॅनेलवर आडवे वेल्ड टाळावे. तडा तिथूनच जातो. हुकाव्यतिरिक्त सुरक्षा साखळी द्यावी. आणि नवी चाके बसवल्यावर पहिल्या 50 किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळण्यास ग्राहकाला बजावावे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा 1988 नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. कलम 61 प्रमाणे त्याची स्वतंत्र नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही ट्रेलरवर दिसला पाहिजे. कलम 146 चा त्रयस्थ पक्षाचा विमा त्यालाही हवा. विक्रीसाठी ट्रेलर बनवायचा तर नमुन्याला मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. पुण्याची एआरएआय ही अशी एक संस्था आहे. 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 182 अ कडक आहे. नियमबाह्य वाहन विकणाऱ्या उत्पादकाला किंवा विक्रेत्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. गाडीत परवानगीवाचून बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड सांगितला आहे.

तेव्हा पहिला ट्रेलर हाती घेण्यापूर्वी आरटीओकडे चौकशी करावी, एकट्या गाळेवाल्याला प्रमाणपत्राचा खर्च झेपत नसेल तर चार-पाच जणांनी मिळून एकच नमुना मंजूर करून घ्यावा आणि तोच सर्वांनी बनवावा. ग्राहकाला पावतीबरोबर तीन आकडे लेखी द्यावेत : रिकामे वजन, भरण्याची कमाल मर्यादा आणि हुकावरचे वजन. स्वस्त ट्रेलर कोणीही करून देईल. पण घाट उतरून सुखरूप घरी पोचलेला ग्राहक दुसऱ्या दहा ग्राहकांना अंबडचा पत्ता सांगेल, आणि धंदा त्यावरच उभा राहतो.