पापणीवरची रेघ (लेखांक ६)

ओघळलेल्या पापण्यांची शस्त्रक्रिया झाली की बहुतेक जण त्याच दिवशी घरी येतात. धास्ती सुरू होते दुसऱ्या दिवशी सकाळी, आरशासमोर. डोळे सुजून अर्धवट मिटलेले, गालापर्यंत उतरलेला काळानिळा रंग आणि पापणीच्या घडीत टाक्यांची रेघ. ‘काहीतरी बिघडलंय’ असं वाटून जीव धसकतो. बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं.

पापणीची कातडी शरीरातली सर्वांत पातळ, एक मिलिमीटरहूनही कमी जाडीची. तिच्याखाली चरबीचा थर जवळपास नसतो, त्यामुळे साकळलेलं रक्त आणि साठलेलं पाणी लगेच दिसतं. रात्रभर आडवं पडल्यावर सूज वाढते, म्हणून सकाळचा चेहरा संध्याकाळपेक्षा वाईट दिसतो. पहिले दोन दिवस थंड पट्ट्या आणि उशाशी आणखी एक उशी, याने पुष्कळ फरक पडतो. याच कातडीची मोठी जमेची बाजू म्हणजे भरपूर रक्तपुरवठा. इथे जंतुसंसर्ग क्वचित होतो, जाड उंचवटलेला व्रणही क्वचित उठतो आणि टाके साधारण ५ ते ७ दिवसांत निघतात. गुडघ्यावरच्या जखमेला त्यासाठी दोन आठवडे लागू शकतात.

मात्र टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली, असं नाही. पहिल्या आठवड्याच्या शेवटी तिच्यात मूळ कातडीच्या तुलनेत अगदी थोडंच बळ आलेलं असतं. तीन महिन्यांनंतरही ते ८० टक्क्यांच्या आसपासच पोचतं. खाज सुटली म्हणून डोळा चोळणं, कॉन्टॅक्ट लेन्स घालताना पापणी ताणणं, जड बादली उचलणं, एवढ्यानेही रेघ उसवू शकते किंवा पुन्हा रक्त साकळू शकतं. आपल्याकडे घरातलं कुणी प्रेमाने हळद लावायला येतं, कुणी साजूक तूप, कुणी काजळ. डोळ्याच्या इतक्या जवळच्या ताज्या जखमेवर यातलं काहीही लावू नये. डॉक्टरांनी दिलेलं मलम तेवढं पुरे.

रेघ काही आठवडे, कधी काही महिने गुलाबी राहते. तिच्यावर बारीक पांढरे दाणे उठतात. ते आपोआप जातात, नाहीतर डॉक्टर सुईच्या टोकाने काढून टाकतात. पापण्यांच्या केसांजवळ बधिरपणा जाणवतो. एक डोळा आधी निवळतो, दुसरा मागे राहतो, आणि लोक रोज दोन्हींची तुलना करत बसतात! व्रण पूर्ण मुरायला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर उन्हात गॉगल हवाच, कारण सावळ्या कातडीवर रेघ काळवंडण्याची शक्यता अधिक.

पापणीच्या या शस्त्रक्रियेला ब्लेफॅरोप्लास्टी म्हणतात. जर्मन शल्यविशारद कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे यांनी १८१८ साली हे नाव दिलं, ते कर्करोगाची गाठ काढल्यावर बिघडलेली पापणी सावरण्याच्या शस्त्रक्रियेला. आजही दिसण्याआधी पापणीचं काम पाहिलं जातं, आणि तिचं मुख्य काम डोळा झाकणं. म्हणून तपासणीला आलेल्या माणसाला रेघेची काळजी असली, तरी डॉक्टर आधी डोळे मिटायला सांगतात. सुरुवातीला फट राहते, डोळा कोरडा पडून चुरचुरतो. कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि रात्रीचं मलम त्यासाठीच असतं.

काही लक्षणं मात्र सकाळपर्यंतही थांबण्यासारखी नसतात. एकाच डोळ्यात अचानक तीव्र वेदना, डोळा पुढे आल्यासारखा ताण, दिसणं अंधुक होणं. हे डोळ्यामागच्या रक्तस्रावाचं चिन्ह असू शकतं. तो फार विरळ, बहुधा पहिल्या २४ तासांतला. पण दाब वेळेत उतरवला नाही तर दृष्टी कायमची जाऊ शकते. तेव्हा रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करायचा आणि रुग्णालय गाठायचं. वाढत जाणारी लाली, पू, ताप किंवा उघडी पडलेली जखम दिसली, तर त्याच दिवशी दाखवायचं.

रेघ वेडीवाकडी दिसते म्हणून दुरुस्ती हवी असेल, तर शल्यविशारद सहसा काही महिने थांबायला सांगतात, कारण तोवर तिचं रूप बदलत असतं. डोळा मिटत नसल्याने बुबुळाला इजा होऊ लागली असेल, तर मात्र ते एवढा वेळ थांबत नाहीत.